वादळानंतरच्या माहितीबाबत पुनर्वसन मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

स. न. वि. वि.

वादळाची पूर्वसूचना देण्यात जगाने मोठी मजल मारली आहे. १९७० मध्ये आजच्या बांगलादेशात आलेल्या भोला चक्रीवादळात किमान तीन लाख माणसे मृत्युमुखी पडली. २०१३ मध्ये फायलिन ओडिशाच्या किनाऱ्यावर धडकण्यापूर्वी लाखो लोकांना सुरक्षित स्थळी हलवता आले. वादळ ओसरल्यावर मात्र मदत कोणाकडे, कधीपर्यंत आणि कोणत्या कागदांवर मागायची, हे त्याच माणसांना सांगण्याची तेवढी निकड यंत्रणेत दिसत नाही.

२०१७ मध्ये मारिया वादळाने अमेरिकेच्या अखत्यारीतील पोर्टो रिको या बेटाचा संपूर्ण वीजपुरवठा आणि बहुतेक मोबाईल मनोरे बंद पाडले. अशा वेळी केवळ संकेतस्थळावर टाकलेली माहिती लोकांपर्यंत पोहोचतच नाही. तेथे हजारो कुटुंबांचे अर्ज फेटाळले गेले, ते नुकसान झाले नव्हते म्हणून नव्हे, तर राहत्या घराच्या मालकीचा कागद हाती नव्हता म्हणून. स्वयंघोषणापत्रासह इतर पुरावे ग्राह्य धरण्याचा बदल अमेरिकी यंत्रणेने २०२१ मध्ये केला. पर्यायी पुरावा कोणता चालेल, हे पहिल्याच पत्रकात ठळकपणे छापले, तर आपल्याकडील कितीतरी हेलपाटे वाचतील.

म्हणून प्रत्येक निवारा केंद्रावर आणि पंचनाम्याला येणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हाती लोकांच्या भाषेतील छापील पत्रक असावे, त्यावर ते काढल्याची तारीख असावी आणि तोच मजकूर रेडिओवरून वाचला जावा. अर्ज नाकारल्यास कारण आणि अपिलाची मुदत लेखी कळवावी. एखादा निर्णय झालाच नसेल, तर ‘अद्याप ठरलेले नाही, पुढील माहिती अमुक दिवशी देऊ’ एवढेही जाहीर करावे. अधिकाऱ्यांना हे कमीपणाचे वाटते, पण त्यांच्या मौनाची जागा अफवा घेतात, आणि त्यांच्यामागून ‘काम करून देतो’ म्हणणारे दलाल येतात.

आरोग्याच्या सूचनांनाही याच पत्रकात जागा हवी. २०२० मध्ये लॉरा वादळानंतर अमेरिकेतील लुईझियाना राज्यात अनेकांचा जीव जनरेटरच्या धुरातील कार्बन मोनॉक्साईडने घेतला. जनरेटर घरात किंवा खिडकीजवळ चालवू नये, हे एक वाक्य वेळेत पोहोचणे किती मोलाचे आहे, ते वेगळे सांगायला नको.

या पत्रकांचे मसुदे पुढील हंगामापूर्वी तयार करून ते छापण्याची व वाटण्याची जबाबदारी नेमक्या अधिकाऱ्यावर सोपवणारा आदेश आपण काढावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक नागरिक