आई, ताटात चार घास कमीच वाढ

पुणे,
५ ऑक्टोबर २०२५

ती. आई आणि ती. बाबा यांना,
सा. न. वि. वि.

रोज फोनवर बोलतो, तरी आज मुद्दाम लिहायला बसले आहे. आई, तू विचारतेस, "जेवलीस का?" मी हो म्हणते. मग विचारतेस, "काय जेवलीस?" आणि माझं उत्तर ऐकून गप्प होतेस. ते गप्प होणं मला दिवसभर टोचत राहतं. वसुबारसेला आम्ही दोघं कराडला येतोय, भाऊबीज करूनच निघू. त्याआधी वजन कमी करायच्या माझ्या ऑपरेशनबद्दल काही गोष्टी सावकाश सांगायच्या आहेत.

आधी गौरीजेवणाचं बोलते. अर्धी पुरणपोळी दे म्हटलं तर तू अख्खी वाढलीस, वर तुपाची धार, बाजूला कटाची वाटी. "गौरीचा नैवेद्य आहे, नाही म्हणू नये," म्हणालीस. मीही नाही म्हटलं नाही. बोलता बोलता, भराभर पाऊण पोळी खाल्ली. वीस मिनिटांत छाती धडधडायला लागली, दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले आणि पोटात मुरडा आला. माजघरात सतरंजीवर मी आडवी झाले तेव्हा बाबा, तुमचा चेहरा पांढराफटक पडला होता. तुम्ही चप्पल न घालताच डॉक्टरांकडे निघालात. आई देवापुढे बसून रडत होती. तासाभराने मी उठून बसले, पण तुम्हां दोघांच्या मनातून ते गेलेलं नाही, हे मला कळतं.

तो हार्टचा त्रास नव्हता. त्याला डम्पिंग म्हणतात. गोड पदार्थ लहान झालेल्या पोटात फार वेळ थांबत नाही, भसकन आतड्यात उतरतो. आतडं ती साखर पातळ करायला शरीरातलं पाणी ओढून घेतं, म्हणून धडधड आणि घाम. वजनासाठी पोटाचं बायपास केलेल्यांना हे जास्त होतं, माझ्यासारख्या स्लीव्हवाल्यांना, म्हणजे जठर कापून लहान केलेल्यांना, कमी, पण होतं. त्या दिवशी चूक माझी होती. तुला वाईट वाटेल म्हणून मी तोंड उघडलं नाही आणि शेवटी तुला रडवलंच. ते पुन्हा होऊ नये म्हणून हे पत्र.

ऑपरेशनच्या वेळी, जून २०२४ मध्ये, तुम्ही घाबरला होतात, म्हणून मी सगळं सांगितलं नव्हतं. माझ्या जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कापून काढला आहे. उरलंय ते केळ्याएवढं नळकांडं. सुरुवातीला त्यात जेमतेम १०० ते १५० मिलिलिटर मावायचं. भुकेची जाणीव करून देणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः जठराच्या ज्या वरच्या भागात तयार होतं, तोही त्यातच गेला. म्हणून पहिले कित्येक महिने मला भूक म्हणून लागायचीच नाही. ११८ किलो वजन होतं आई. रात्री झोपेत श्वास अडकायचा, सकाळी डोकं जड. रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ८.९ टक्के होती आणि मी चाळिशीत होते. बाबांना जे साठीत झालं ते मला इतक्या लवकर गाठत होतं. आज ती सरासरी ५.९ आहे आणि रात्री शांत झोप लागते.

मावशी त्या दिवशी म्हणाली, "ऑपरेशन केलं, सुटली." तिच्या मनात वाईट नव्हतं. पण मी सुटलेली नाही. ऑपरेशनने भूक कमी करून दिली, वर्षभराची सवड दिली. त्या सवडीत खाण्याची, चालण्याची सवय लावून घ्यायची असते, कारण भूक हळूहळू परत येते आणि उरलेलं पोटही थोडं ताणतं. मे महिन्यात माझं वजन ७९ वर होतं, ऑगस्टअखेर ८२ झालं. पोळी-भाताने नाही, ऑफिसात चार वाजता चहाबरोबर चालणाऱ्या चिवड्याने.

हे दिवाळीच्या तोंडावर सांगायलाच हवं. तुला वाटेल चिवडा हलका, पोळी जड. माझ्या पोटाचं उलटं आहे. चिवडा, शेव, चकली, बिस्किट चावलं की भुगा होतो आणि चहाच्या घोटाबरोबर सरसर खाली उतरतो, पोट भरल्याचा निरोपच येत नाही. बशीभर खाल्लं तरी कळत नाही. तेच चिकनचे दोन-तीन तुकडे किंवा पनीर खाल्लं की तीन तास काही नको वाटतं. तेव्हा फराळाचं ताट माझ्यासमोर ठेवून आत जाऊ नकोस. डब्यातून एक चकली काढून हातावर दे. तुझ्या चकलीला जे काटे येतात ते इकडच्या कुठल्याच दुकानात मिळत नाहीत. ती एक मी दहा मिनिटं पुरवून खाईन.

मी जेवते कशी, ते सांगते. बसल्याबरोबर आधी प्रथिनं. दिवसाला किमान ६० ग्रॅम पोटात जायला हवीत, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झडतात. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात, पन्नास ग्रॅम पनीरमध्ये नऊच्या आसपास. पातळ वरणाच्या वाटीत चार-पाचच, म्हणून नुसत्या वरणभातावर माझं भागत नाही. मग भाजी, मग जागा उरली तर भाकरी. भात मी टाळतेच, तो मला आत अडकल्यासारखा होतो. घास नखाएवढा, पिठल्यात नाहीतर आमटीत भिजवलेला, वीस-पंचवीस वेळा चावलेला. गिळला की चमचा ताटात ठेवायचा, हात मांडीवर घ्यायचा. अर्धा तास लागतो. पोट भरलं की छातीच्या मधोमध दाब येतो, कधी नाकाला पाणी सुटतं. त्यानंतरचा एकच घास जास्तीचा झाला की सगळं उलटून पडतं. तो घास मी ओळखायला शिकले आहे. तू "एवढंसं तर आहे" म्हणून वाढतेस, तो नेमका तोच असतो.

जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही. बाकी दिवसभर घोटघोट करत दीड-दोन लिटर संपवते, बाटली सतत जवळ. तांब्या उचलून गटागटा पाणी प्यायचं सुख मात्र गेलं. उन्हातून आल्यावर त्याची फार आठवण येते.

सणाच्या दिवसांत घरात अंडं-मटण चालणार नाही, त्याची काळजी करू नकोस. तुझ्या स्वयंपाकघरात माझ्यासाठी सगळं आहे: मुगाची धिरडी, घट्ट पिठलं, हुलग्याचं माडगं, पनीर, घरचं विरजलेलं दही. पहिला महिना तर मी तान्ह्या बाळासारखंच जेवले. आधी गाळलेलं सूप आणि ताक, मग सगळं मिक्सरमधून काढलेलं. मऊ पिठलं पहिल्यांदा चमच्याने जिभेवर ठेवलं तेव्हा तुझी इतकी आठवण आली की पुढचा घास घेता येईना.

गोळ्यांचं एक सांगून ठेवते. "अजून किती दिवस?" असं बाबा विचारतात. आयुष्यभर. एवढ्याशा जेवणातून बी-१२, लोह, डी जीवनसत्त्व पुरेसं मिळत नाही. लोहाची गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, अंगी लागत नाही, आणि लोह व कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर. बाबा, माझं डोकं दुखलं तर तुमच्या डब्यातली गुडघेदुखीची गोळी देऊ नका. त्या जातीच्या गोळ्यांनी पोटात जखम होऊ शकते. मला पॅरासिटामॉल चालते. गेल्या वर्षी दिवाळीत माझे केस पुंजक्यांनी गळत होते, ते बघून आई हादरली होती. झपाट्याने वजन उतरताना तसं होतं. आता बघ, कपाळावर नवे केस उभे राहिलेत.

बाबा, तुमच्याकडे एक मागणं आहे. दोन वर्षांपूर्वी तुम्ही मला प्रीतिसंगमावर घेऊन गेला होतात. यशवंतरावांच्या समाधीपर्यंत येईस्तोवर मला धाप लागली आणि मी बाकावर बसून राहिले. तुम्ही काही बोलला नाहीत, शेजारी बसून कृष्णेकडे बघत राहिलात. आता मी रोज पाऊण तास चालते, आठवड्यातून दोनदा वजनं उचलते. या वेळी पहाटे साडेपाचला निघताना मला हाक मारा. अभ्यंगस्नानाच्या दिवशीसुद्धा. तुमचा वेग मला आता झेपेल, आणि तुमच्या साखरेला मुलीची सोबत मानवेल.

आई, लहानपणी ताटात एक शीत टाकलं तरी तू उठू द्यायची नाहीस. अन्न टाकायचं नाही हे माझ्या हाडात भिनलंय. म्हणूनच उरलेलं ताट तुझ्यासमोर सारताना मला मेल्याहून मेल्यासारखं होतं, आणि ते टाळायला मी नको तो घास गिळते. तू वाढतानाच कमी वाढलंस तर माझं ताट रोज स्वच्छ होईल. कोणी पाहुणं म्हणालं, "काय हे, लेकीला एवढंच?" तर माझ्या आधी तू उत्तर दे. मी दिलं की ते उद्धटपणाचं वाटतं, तू दिलंस की विषय संपतो.

तुझ्या कपाटात, शालूच्या घडीखाली, माझ्या उष्टावणाची चांदीची वाटी आहे. मामाने आणली होती ती, काठाला नक्षी आणि एका बाजूला पोचा. गौरीला तू कपाट उघडलंस तेव्हा मी ती हातात घेऊन पाहिली. माझं एका वेळचं पिठलं त्यात बरोबर मावतं. चिंचेने घासून ठेव. वसुबारसेच्या संध्याकाळी तीच काठोकाठ भरून वाढ, आणि मी जेवत असेन तेव्हा स्वयंपाकघरात फेऱ्या न मारता माझ्यासमोर पाट घेऊन बस. अर्धा तास लागेल मला. तेवढा वेळ बोलू.

तुमची,
मनू