बाबांची पेटी, संगणकातली

गंगापूर रोड, नाशिक

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

ताईकडे पुण्यात तुमचं छान चाललं असेल. इकडे थंडी पडायला लागली आहे. बाबा, परवा तुम्ही विचारलंत, त्या जुन्या फायलींत तुझा इतका कसला जीव अडकलाय? फोनवर धड सांगता येईना, म्हणून लिहितोय.

कॉलेजात असताना मी रात्र रात्र फास्टट्रॅकर २ या ट्रॅकरवर, म्हणजे आवाजांचे तुकडे ओळीने मांडून गाणं रचायच्या प्रोग्रामवर, गाणी जुळवायचो, ते आईला आठवत असेल. ही तऱ्हा १९८७ सालची, अमिगा संगणकावरची. कार्स्टन ओबार्स्कीने लिहिलेल्या अल्टिमेट साउंडट्रॅकरपासून सुरू झालेली. मिडी नावाच्या संगीताच्या फायलीत कुठला सूर कधी वाजवायचा एवढंच असतं, वाद्य ज्याच्या त्याच्या संगणकाचं. ट्रॅकरच्या फायलीत मात्र वाद्यांचे आवाजही सोबतच साठवलेले असतात. आणि माझ्या फायलींतलं एक वाद्य म्हणजे, बाबा, तुमची पेटी!

पंचवटीच्या घरी तुम्ही मला माइकसमोर मंद्र, मध्य आणि तार असे तिन्ही सप्तकांतले सा लांबवून दिले होते. पुढे पेटीला वाळवी लागली. ते सा फायलीत जसेच्या तसे आहेत.

तेच आता बाहेर काढून साउंडफॉन्ट, म्हणजे वाद्याच्या आवाजांची फाइल, बनवतोय; मग कुठल्याही नव्या गाण्यात ती पेटी वाजवता येईल. नुसती सॅम्पलं, म्हणजे मुद्रित केलेले आवाजाचे तुकडे, काढून भागत नाही. एकच सा सगळ्या पट्ट्यांवर ताणला तर वर चिरका आणि खाली घोगरा होतो, म्हणून कुठलं सॅम्पल कुठून कुठपर्यंत वाजायचं हे फायलीतून वाचून तसंच ठेवायचं. सूर धरून ठेवण्यासाठी सॅम्पलचा मधला तुकडा फिरत राहतो, त्याच्या सुरुवातीचा आणि शेवटाचा आकडा चुकला की प्रत्येक फेरीला टक् टक् ऐकू येतं. शिवाय प्रत्येक सॅम्पलला बारीक सूर-दुरुस्ती जोडलेली असते. ती धरली नाही तर पेटी बेसूर.

अडतं ते आवाजाच्या चढउतारापाशी. फास्टट्रॅकरमध्ये तो बारा बिंदूंपर्यंत हवा तसा वळवता येई. साउंडफॉन्टमध्ये ठरलेले टप्पेच आहेत. भात्याचा दाब वाढल्यावर सूर जरासा फुलायचा, ते त्यात बसेना. सोडावं लागलं, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. मींड आणि कंप तर मी गाण्याच्या मांडणीत लिहिले होते, ते वाद्याबरोबर येत नाहीत. ते वाजवणाऱ्यानेच आणायचे.

आई, त्याच फायलींत तुझा एक लांब 'आ'ही सापडला. इतका स्वच्छ लागलाय की मी पुन्हा पुन्हा ऐकतोय. त्याचंही वाद्य होईल, पण मग तुझा आवाज कोणीही कुठल्याही गाण्यात वाजवू शकेल. तू हो म्हणेपर्यंत तो माझ्याजवळच राहील. पेटी मात्र सगळ्यांना मोफत द्यावी असं मला मनापासून वाटतं. बाबा, तुमची हरकत नाही ना?

पेन ड्राइव्ह पाठवतोय. ताईच्या लेकीचा कीबोर्ड तिच्या लॅपटॉपला जोडता येतो, ती लावून देईल. मध्य सप्तक संपून तार सुरू होतं तिथला सांधा मला अजून खटकतो. तुमच्या कानाला कुठल्या पट्टीपाशी खटकतं, तेवढं कळवा.

तुमचा,
मिलिंद