भुसावळच्या आप्पांना, नेरूळ ते परळच्या रस्त्यासाठी

आदरणीय आप्पा,
शि. सा. नमस्कार.

नानांचे उपचार पूर्ण झाले, पुढची तपासणी दिवाळीनंतर. हे तुम्हाला फोनवर कळवलंच, पण तेवढ्याने माझं समाधान होईना. शिवाय आपल्या खान्देशातून पेशंट घेऊन मुंबईला 'टाटा' कॅन्सर रुग्णालयात जाणारे किती जण असतात! त्यांनाही वाचता यावं म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

लोकलबद्दल सांगणारे पुष्कळ भेटले होते. मध्य, पश्चिम, हार्बर सगळं एका दमात सांगायचे आणि वर गर्दीची भीती घालायचे. तुमची तर अख्खी नोकरी मोटरमन म्हणून त्या रुळांवर गेलेली. तरी तुम्ही आधी विचारलंत, "राहणार कुठे? जायचं कुठे?" आत्याकडे नेरूळला राहणार आणि दवाखाना परळला, असं म्हटल्यावर म्हणालात, "मग मुंबई शिकू नको. तेवढाच रस्ता शीक."

आणि पहिल्यांदा दादर खोडलंत! आमची गाडी मनमाड-कल्याणवरून जाणार, मग सामान आणि आजारी माणूस घेऊन दादरपर्यंत कशाला? ठाण्याला थांबणारी गाडी बघायची, तिथे उतरून ट्रान्सहार्बरची नेरूळ किंवा पनवेल लोकल धरायची. वाशीची नाही, कारण तुर्भ्यानंतर ती सानपाड्याकडे वळते, नेरूळ तिच्या वाटेत येतच नाही. तुम्ही प्रत्येक 'नाही'चं कारण सांगितलंत, म्हणून ते डोक्यात पक्कं बसलं.

दवाखान्याच्या दिवशी नेरूळहून सीएसएमटीची हार्बर, कुर्ल्याला उतरून पुलावरून मेन लाइनला, तिथून धिमी. जलद समोर उभी असली तरी तिच्यात चढायचं नाही, ती परळला थांबत नाही. शीव, माटुंगा, दादर... दादर सुटलं की नानांना उठवायचं. परतताना कुर्ल्याहून पनवेल किंवा बेलापूर. रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही गाड्या बंद, त्या दिवशी पेशंटला हलवायचंच नाही.

पण माझ्या मनात कायमचं राहील ते वेगळंच. अपंगांच्या डब्यात कॅन्सरच्या पेशंटलाही बसता येतं, हे तुमच्याशिवाय कोणीच सांगितलं नव्हतं. दवाखान्याचा कागद वरच्या खिशात ठेव म्हणालात, तो डबा फलाटावर कुठे येतो त्याची खूण सांगितलीत. केमो घेतल्यावर नानांना उभं राहवत नसे. आप्पा, त्या दिवसांत त्यांना बसायला जागा मिळाली, याचं मोल मी कशाने करू? नाना तुमचं नाव काढतात तेव्हा त्यांचा आवाज भरून येतो.

भरिताची वांगी निघाली की काकूंना घेऊन रावेरला मळ्यात या. कळण्याची भाकरी आई करणार आहे, तिने आधीच बजावलंय.

आणि एक विचारायचं राहिलं. यावलच्या एक ताई पुढच्या महिन्यात त्यांच्या सासूबाईंना घेऊन जाताहेत. राहणार कल्याणला, दवाखाना तोच. कल्याणहून धिमी थेट परळला नेते, पण वेळ फार लागतो. जलदने दादर गाठलं तर तिथे गाडी बदलावी लागते. सासूबाईंना जिने चढवत नाहीत. काय सांगू त्यांना?

तुमची,
नानांची लेक, रावेर