भाषणावर नको, मागण्यांवर प्रतिक्रिया छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मध्य प्रदेशचे बजेट भोपाळला मांडले गेले की दुसऱ्या दिवशीच्या अंकात एक पान ठरलेले असते. इंदूरच्या सियागंजातले दोन व्यापारी, एक सीए, एक डॉक्टर, एक गृहिणी, एखादा विद्यार्थी. सत्ताधारी आमदार म्हणतात सर्वसमावेशक, विरोधक म्हणतात आकड्यांचा खेळ. ही सगळी मंडळी ज्यावर बोलतात ते वित्तमंत्र्यांचे भाषण असते. भाषणाला सभागृहाची मंजुरी लागत नाही. मंजुरी लागते ती अनुदान मागण्यांना, म्हणजे खात्याखात्याने वर्षाच्या खर्चासाठी मागितलेल्या रकमांना, आणि त्यांची पुस्तके त्या दिवशी कोणी उघडलेलीही नसतात. ते पान आठवडाभर पुढे न्यावे आणि मग मागण्यांवर माणसांना बोलते करावे, अशी विनंती आहे.

पहिल्या दिवसाच्या प्रतिक्रियांतला निम्मा भाग तर चुकीच्या दारावर टकटक असतो. जीएसटीचे दर कमी करा, आयकरात सूट द्या, हे भोपाळला सांगून उपयोग नाही. जीएसटीचे दर केंद्र आणि राज्यांच्या जीएसटी परिषदेत ठरतात. तिथे केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचे मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत लागते. राज्याच्या हातात उरते ते पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, दारूवरचे उत्पादन शुल्क, मुद्रांक शुल्क, वाहनकर, वीज शुल्क. 'कोणताही नवा कर नाही' या मथळ्याखाली खरा खर्च कुठून वाढतो तेही भाषणात नसते. कलेक्टर गाइडलाइनचे, म्हणजे जमीन-घरांच्या सरकारी किमान किमतीचे, दर 1 एप्रिलपासून बदलतात. मुद्रांक शुल्काचा टक्का तसाच ठेवून एखाद्या कॉलनीची गाइडलाइन 10 टक्क्यांनी चढवली, की त्या दराने होणाऱ्या रजिस्ट्रीवरचे शुल्कही तेवढेच चढते, आणि विधानसभेत त्यावर एक शब्द बोलला जात नाही. विजेचे दर तर नियामक आयोग ठरवतो.

आता पुस्तकांकडे. वित्त विभागाच्या संकेतस्थळावर ती मिळतात, हिंदीत असतात. प्रत्येक ओळीसमोर चार रकाने: दोन वर्षांपूर्वीचा वास्तविक खर्च, चालू वर्षाचे बजेट, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचे बजेट. 12 मार्च 2025 ला मांडलेल्या 4,21,032 कोटींच्या बजेटात हे रकाने अनुक्रमे 2023-24, 2024-25, 2024-25 आणि 2025-26 चे होते. सारी गंमत मधल्या दोन रकान्यांत आहे. समजा एका योजनेला गेल्या मार्चमध्ये 100 कोटी दिले, सुधारित अंदाजात ते 60 वर आले आणि नव्या वर्षाला 90 ठेवले. सरकारी पत्रक म्हणेल पन्नास टक्के वाढ, विरोधक म्हणतील दहा टक्के कपात. दोघेही खरे बोलतात. दोन वर्षांपूर्वीचा वास्तविक खर्च 45 कोटी आहे हे मात्र दोघेही सांगणार नाहीत, आणि खात्याचा पैसे खर्च करण्याचा आवाका नेमका तिथेच कळतो. आकडे हजारांत, लाखांत की कोटींत, हे पानाच्या माथ्यावर आधी बघावे. इथे भलेभले घसरतात.

ओळीच्या डोक्यावर चार अंकी मुख्य शीर्ष असते. पहिला अंक 2 किंवा 3 असेल तर महसुली खर्च, म्हणजे पगार, अनुदाने, देखभाल. 4 किंवा 5 असेल तर भांडवली, म्हणजे बांधकाम, यंत्रे, जमीन. 6 किंवा 7 म्हणजे कर्जाऊ दिलेली रक्कम. रस्त्यांची देखभाल 3054 मध्ये सापडेल, नवे रस्ते-पूल 5054 मध्ये. शहरविकासाचे 2217 आणि 4217, पाणीपुरवठ्याचे 2215 आणि 4215, व्याजाचे 2049, निवृत्तिवेतनाचे 2071. एका खात्याचा पैसा एकाच ओळीत असतो असेही नाही. अनुसूचित जातींसाठीचा भाग 789 या लघुशीर्षाखाली आणि आदिवासी क्षेत्राचा 796 खाली वेगळा दाखवतात. ते न मिळवता 'शाळांचे पैसे घटले' असे छापले की दुसऱ्या दिवशी खुलासा आलाच. नव्या कामासमोर कधी फक्त शंभर किंवा हजार रुपये दिसतात. त्याचा अर्थ एवढाच की खाते उघडून ठेवले आहे. पैसे आलेच तर पुरवणी मागणीत, म्हणजे वर्षाच्या मध्ये मागितल्या जाणाऱ्या जादा रकमेत, येतील. भाषणात मात्र त्या कामाचे नाव पूर्ण इतमामाने घेतलेले असते.

इंदूरला सध्या सर्वांत जिव्हाळ्याचा विषय पाण्याचा आहे, तेव्हा त्याचेच उदाहरण घ्यावे. 2025 च्या डिसेंबरात भागीरथपुऱ्यात दूषित पाण्याने माणसे दगावली, आणि तेव्हापासून पाइपलाइनसाठी किती कोटी मिळाले हाच प्रश्न जो तो विचारतो. पण नवी लाइन टाकणे आणि जुनी लाइन धड ठेवणे यांचे पैसे दोन वेगळ्या वाटांनी येतात. नवी लाइन अमृत 2.0 सारख्या, शहरांच्या पाणीपुरवठ्यासाठीच्या केंद्राच्या योजनेतून होते. दहा लाखांवर वस्तीच्या शहराला त्यात केंद्राचा वाटा फक्त 25 टक्के आहे, आणि तो 20, 40, 40 अशा तीन हप्त्यांत येतो. बाकी भार राज्य आणि नगर निगम (महापालिका) यांनी उचलायचा. पहिला हप्ता खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र वेळेवर गेले नाही की दुसरा अडकतो. निगमने आपला वाटा घातला नाही तरी तेच. मग ठेकेदार माणसे काढून घेतो आणि खोदलेला रस्ता तसाच राहतो. रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च मुळात अंदाजपत्रकात धरला होता का, हेही विचारायला हवे. तो ठेकेदाराकडे की दुसऱ्या टेंडरमध्ये, यावर महिने जातात.

जुन्या वस्तीत ड्रेनेजला खेटून गेलेल्या लाइनची गळती काढणे, झडपा बदलणे, नळाच्या टोकाला पाण्याचे नमुने घेणे, हे सारे देखभालीत मोडते. त्याचे पैसे निगमच्या महसुलातून यायचे, आणि तो महसूल आधीच पिळलेला. नर्मदेचे पाणी नदीकाठच्या जलूदहून सुमारे 70 किलोमीटर लांब आणि चांगलेच उंच चढवून आणावे लागते, त्यामुळे विजेचे बिल हा पाणीपुरवठ्यातला डोंगराएवढा खर्च आहे. (त्यासाठीच निगमने फेब्रुवारी 2023 मध्ये 244 कोटींचे हरित रोखे काढून जलूदला सौर प्रकल्पाचा घाट घातला, त्या रोख्यांचे व्याजही आता निगमच्याच खर्चात आहे.) राज्याकडून येणाऱ्या चुंगी क्षतिपूर्तीतून (जकात बंद झाल्याच्या भरपाईतून) थकलेले वीजबिल परस्पर कापून घेतले की हातात पडणारी रक्कम वेगळीच असते. म्हणून भाषणात इंदूरच्या पाण्यासाठी कितीही मोठा आकडा आला तरी तुमच्या प्रतिनिधीने एकच विचारावे: हा 4215-4217 मधला आहे की 2215-2217 मधला? उत्तर भांडवली असे आले, तर गळती काढायला त्यातला पैसाही वापरता येत नाही. एका मागणीतून दुसरीत आणि भांडवली-महसुली अशी अदलाबदल खाते आपल्या अखत्यारीत करू शकत नाही.

तरतूद झाली म्हणजे काम सुरू झाले असेही नव्हे. आधी प्रशासकीय स्वीकृती, मग तांत्रिक स्वीकृती, टेंडर, कार्यादेश, आणि त्यानंतर वित्त विभागाने पैसे मोकळे करणे. यात पावसाळा आला की चार महिने गेलेच. उरलेले पैसे मार्चअखेर समर्पित होतात, म्हणजे परत केले जातात, नाही तर घाईघाईने उडवले जातात. मार्चमध्ये डांबर का पडते, याचे उत्तर इथे आहे.

काही आकडे मात्र पुस्तक न उघडताही ताडता येतात. महिलांना दरमहा पैसे देणाऱ्या लाडली बहना योजनेत सव्वा कोटीच्या आसपास महिला आहेत. महिन्याला 1500 रुपये धरले तर महिन्याचे 1,875 कोटी, वर्षाचे 22,500 कोटी. सामाजिक सुरक्षा पेन्शन घेणाऱ्यांना फक्त फरकाची रक्कम मिळते, म्हणून प्रत्यक्ष आकडा थोडा खाली येईल. पण तरतूद यापेक्षा बरीच कमी दिसली तर दोनच शक्यता राहतात: पुरवणी मागणी येणार, किंवा यादीतून नावे गळणार. हा गुणाकार करून छापायला पाव रकाना पुरे.

पुरवणी मागण्यांकडे तर कोणाचेच लक्ष नसते. 2024 चे हिवाळी सत्र 16 ते 20 डिसेंबर, पाच बैठकांचे. त्यात 22 हजार कोटींच्या वरचे पुरवणी बजेट मंजूर झाले, आणि त्यावर गृहिणींची प्रतिक्रिया कोणी विचारली नाही. मार्च 2025 चे सत्रही 10 ते 24 मार्च एवढेच. एवढ्या दिवसांत सगळ्या खात्यांवर चर्चा होणे शक्य नाही. जी खाती उरतात त्यांच्या मागण्या एकत्र मताला टाकून मोकळे होतात. त्याआधी सदस्य कपात सूचना देऊ शकतो. धोरणच अमान्य असेल तर मागणी एक रुपयावर आणण्याची, उधळपट्टीवर बोट ठेवायचे असेल तर ठरावीक रक्कम घटवण्याची, आणि एखादी तक्रार मांडायची असेल तर शंभर रुपये कमी करण्याची. शेवटची सर्वांत उपयोगी. आपल्या भागातल्या दवाखान्यात क्ष-किरण यंत्र बंद पडले आहे, हे मंत्र्याला सभागृहात ऐकवायचा तो राजमार्ग आहे.

विधेयकांच्या बातम्यांचीही हीच गत. 'अमुक विधेयक ध्वनिमताने मंजूर' यापुढे मजकूर जात नाही. वाचकाला हवे ते विधेयकाच्या दोन टोकांना असते. कलम 1 मध्ये 'शासन अधिसूचित करील त्या तारखेपासून' असे असेल तर कायदा मंजूर होऊनही लागू झालेला नाही. शेवटी वित्तीय ज्ञापन जोडलेले असते. तिजोरीवर बोजा किती, हे तिथे लिहिणे अपेक्षित आहे, आणि 'बोजा पडणार नाही' असे एका ओळीत उरकले असेल तर तीच बातमी. त्याच्या जवळच नियम करण्याचे अधिकार कोणाला दिले, ते सांगणारे ज्ञापन असते. शुल्क किती, दंड किती, अपील कोणाकडे, हे सगळे नियमांवर सोडलेले असेल तर आमदारांनी नेमके काय मंजूर केले हा प्रश्न रास्त आहे.

2025 मध्ये झालेला महानगर क्षेत्र नियोजन व विकासाचा कायदा आपल्या दारातला आहे. इंदूर, उज्जैन, देवास, धार यांना एका आराखड्यात बांधणारा. संविधानाच्या अनुच्छेद 243 यङ प्रमाणे महानगर नियोजन समितीचे किमान दोन तृतीयांश सदस्य पार्षद (नगरसेवक) आणि पंचायतींचे अध्यक्ष यांच्यातून, त्यांनीच निवडलेले असायला हवेत. नवे प्राधिकरण आणि ही समिती यांत शेवटचा शब्द कोणाचा, निगम आणि विकास प्राधिकरण यांच्याकडून कोणते अधिकार निघून जातात, हे कलमवार छापले तर राऊ-सांवेरच्या शेतकऱ्यापासून रामबागेतल्या फ्लॅटधारकापर्यंत सगळे वाचतील.

इंदूर जिल्ह्यातल्या नऊही जागा 2023 मध्ये एकाच पक्षाने जिंकल्या, त्यामुळे कपात सूचनांची आशा धरण्यात अर्थ नाही. पण मागण्यांवरच्या चर्चेत कोण बोलले, किती मिनिटे, कोणत्या खात्यावर, आणि पाण्याबद्दल प्रश्न कोणी लावला, हे सभागृहाच्या कार्यवाहीत नोंदलेले असते. नऊ नावे आणि चार रकाने. प्रतिक्रियांच्या पानाच्या पाव जागेत ते बसेल.

कळावे,
आपला,
एक वाचक
रामबाग, इंदूर