आई-पप्पांस, अक्वापेमच्या डोंगरावरून

अक्वापेम, घाना
24 जानेवारी

प्रिय आई आणि पप्पा,
सप्रेम सलाम.

पार्सल परवा मिळालं. शेंगाचटणीची पिशवी फुटली नाही, कडक भाकरीचे मात्र तुकडे झाले होते. झाले तर झाले, शेवटी चुरूनच खायची ना. इथे शेंगदाणे वाटून कोंबडीचा रस्सा करतात, त्यात चुरून खाल्ली. फार चांगली लागली. तेव्हा आई, मी उपाशी आहे हे डोक्यातून काढून टाक. ऑगस्टनंतर ताप आलेला नाही, मच्छरदाणी रोज लावते, अंधार पडल्यावर एकटी कुठे जात नाही. फोटोत मी काळवंडलेली दिसते म्हणालीस, ते या दिवसांतल्या वाऱ्यामुळे. सहारातून धूळ घेऊन येतो, हरमटान म्हणतात त्याला. ओठ फुटतात, कपडे तासाभरात वाळतात, समोरचा डोंगर दिसेनासा होतो. मे महिन्यात सोलापूर काढलेल्या माणसाला याचं काही वाटत नाही.

गड्ड्याच्या जत्रेचे फोटो आपल्या शमूने पाठवले. नंदीध्वज, पाळणे, सगळं. पोरं केवढी झाली सगळ्यांची.

पप्पा, तुम्ही लिहिलंत की प्रार्थनासभेत कुणीतरी विचारलं, "विश्वास ऐकण्याने होतो असं रोमकरांच्या पत्रात आहे, मग ज्यांना ऐकूच येत नाही त्यांच्यात रूथ काय करते?" तुम्ही गप्प बसलात हे वाचून मला वाईट वाटलं. हा प्रश्न फार जुना आहे. याच वचनावर बोट ठेवून बहिऱ्या माणसांना कित्येक वर्षं मंडळीच्या बाहेर ठेवलं गेलं. पण पौल कानाच्या पडद्याबद्दल बोलत नव्हता, निरोप पोचण्याबद्दल बोलत होता. आणि निरोप हातांनीही पोचतो. मार्कचा सातवा अध्याय काढून बघा. प्रभू त्या बहिऱ्याला आधी गर्दीतून बाजूला घेतो, त्याच्या कानांत बोटं घालतो, जिभेला स्पर्श करतो, वर आकाशाकडे बघतो आणि मग म्हणतो, मोकळा हो. म्हणजे तोंडाने बोलण्याआधी तो त्याच्याशी हातांनी बोलला, त्याला कळेल असं. हा अध्याय मी लहानपणापासून ऐकत आले, पण हे मला दिसलं ते इथल्या आमच्या बहिऱ्या उपदेशकाने शिकवलं तेव्हा.

शेजारचे काका विचारतात ना, की रूथ तिकडे लोकांना बाटवते का, त्यांनाही सांगा. इथली बहुतेक माणसं माझ्या जन्माआधीपासून ख्रिस्ती आहेत. फक्त बहिऱ्या मुलाला आईबरोबर चर्चमध्ये नेऊन बाकावर बसवलं जायचं आणि तो तीन तास लोकांची तोंडं हलताना बघायचा. माझं काम त्या तीन तासांचं आहे. आणि हे काम मी किंवा कुणी परदेशी माणसाने सुरू केलं असंही नाही. अँड्र्यू फॉस्टर नावाचे एक काळे अमेरिकन गृहस्थ होते. अकराव्या वर्षी मेंदूज्वराने त्यांचे कान गेले. 1954 मध्ये ते अमेरिकेतल्या बहिऱ्यांसाठीच्या गॅलॉडेट कॉलेजातून पदवी घेणारे पहिले काळे विद्यार्थी झाले आणि 1957 मध्ये त्यांनी घानात बहिऱ्यांची पहिली शाळा काढली. पुढे आफ्रिकेतल्या 13 देशांत मिळून तीसहून जास्त शाळा काढल्या. 1987 मध्ये रवांडात विमान पडून ते गेले. स्वतः बहिरा माणूस बहिऱ्या मुलांसमोर उभा राहून हातांनी शिकवतोय, हे बघितल्यावर त्या मुलांना काय वाटलं असेल, याचा विचार मी नेहमी करते. आमच्या उपदेशकांचे शिक्षक अशाच शाळेत शिकलेले.

उपासना कशी होते ते आईला सांगते. मोठा ढोल वाजवतात. ऐकायला नाही, तळपायांना कळायला. लाकडी फळ्यांवर तो घुमतो आणि सगळे एकदम उभे राहतात. बाक अर्धगोलात, कारण प्रत्येकाला प्रत्येकाचे हात दिसले पाहिजेत. आणि आई, प्रार्थना डोळे उघडे ठेवून. डोळे मिटले तर प्रार्थनाच बंद. पहिल्या रविवारी मी सवयीने डोळे मिटले, तर शेजारच्या बाईने खांद्यावर थाप मारली. आजीची आठवण झाली, ती डोळे उघडले म्हणून टपली मारायची. येशूची खूण म्हणजे मधलं बोट दुसऱ्या हाताच्या तळव्याला लावायचं, मग त्या हाताचं या हाताच्या तळव्याला. खिळ्यांची जागा. दर वेळी नाव घेताना खिळे आठवायचे. अमेरिकन सांकेतिक भाषेत संपूर्ण पवित्र शास्त्र 2020 मध्ये पुरं झालं. काम 1982 मध्ये सुरू केलं होतं, म्हणजे 38 वर्षं. कागदावर नाही, सगळं व्हिडिओत. इथली भाषा फॉस्टर यांच्यामुळे तिच्या जवळची, म्हणून आम्हाला त्याचा फार उपयोग होतो.

पण सगळं शाळेतून आलेलं नाही. या भागात अडामोरोबे नावाचं एक गाव आहे. तिथे पिढ्यान्‌पिढ्या बहिरी माणसं जन्मत आली, रक्तातूनच येतं ते. त्यामुळे गावाची स्वतःची खुणांची भाषा आहे, कुठल्याही शाळेच्या आणि मिशनच्या आधीची. ऐकू येणाऱ्या पुष्कळांनाही ती येते. गेल्या महिन्यात तिथे एका आजीबाईंना मी हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगत होते, शाळेच्या खुणांनी. त्यांनी मध्येच माझी दोन्ही मनगटं धरली. माझी बोटं मिटली, अंगठा बाहेर काढला, हात थोडा खाली आणला आणि मान हलवली: असं. मग पुढच्या खुणेला परत तेच. पाणी भरून आणणारा त्यांचा नातू, त्याला चांगलं ऐकू येतं, हंडा खाली ठेवून मध्ये पडला आणि हातांनीच माझी बाजू घेऊन आजीशी भांडला. पाच मिनिटं त्या अंगणात कुणाच्या तोंडून शब्द नाही आणि एवढा गलका. आपण आणलेल्या चांगल्या भाषेखाली त्यांची भाषा दबून जाऊ नये, असं मला फार वाटतं. आता मी त्यांच्याकडून शिकते.

परतताना शेअरच्या गाडीत, खिडकीशी बसून, मी मोजलं. गावातल्या एवढ्या माणसांना खुणा येतात. आणि आपल्या घरात आपण पाच माणसं होतो, शमूला ऐकू येत नव्हतं, तरी खुणा कुणालाच येत नव्हत्या.

आता एक इथलीच रीत सांगते, जी मला तीन वर्षं झाली तरी पचत नाही. इथे माणूस गेलं की पुरत नाहीत. शवागारात ठेवतात. आठवडा नाही, महिना नाही, दोन-दोन, तीन-तीन महिने. तोवर मोठमोठे फलक छापतात, माणसाचा फोटो, वय, मुलंनातवंडांची नावं, कोण कुठल्या देशात आहे तेही, आणि ते चौकात लावतात, आपल्याकडे वाढदिवसाचे लावतात तसे. आठवड्याने एक बैठक, तिच्यात दिवस ठरतो, बहुतेक शनिवार. मग घरातले सगळे एका छापाचं कापड घेऊन शिवतात, काळं-लाल. फार म्हातारं, भरल्या घरातलं माणूस असेल तर काळं-पांढरं. मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, स्पीकर, जेवण. कोण किती देणगी देतं ते माईकवर सांगतात आणि पावती फाडतात. रविवारी पांढरे कपडे घालून उपकारस्तुती. खर्च एवढा की लोक कर्ज काढतात. मला पहिल्यांदा राग आला होता, बाळंतपणाला पैसे नाहीत आणि मढ्याला मांडव. एका शिक्षिकेला मी विचारलं, एवढे दिवस का ठेवता? ती म्हणाली, मुलं लांब असतात ना, त्यांना पोचायला वेळ लागतो.

त्यावर मी काही बोलू शकले नाही.

आई, आजीच्या वेळी तुम्ही थांबू शकला नसता, मला माहीत आहे. जूनमधला उकाडा, दुसऱ्या दिवशी चारला माती. मी तक्रार करत नाही. पण त्या दिवसाचं एक तुम्हाला अजून सांगितलं नाही. शमू सगळा वेळ फोन धरून उभा होता, आणि तुम्हाला वाटलं तो मला दाखवतोय. मामा त्याच्यावर ओरडलासुद्धा, फोन ठेव म्हणून. तो मला दाखवत नव्हता. मी त्याला सांगत होते. इथे सकाळचे साडेदहा वाजले होते, मी शाळेच्या कोठीत दार लावून फोन पोत्यांना टेकवून उभी होते आणि पाळकसाहेब बोलतील ते हातांनी त्याला सांगत होते. मातीस माती आलं तेव्हा त्याने एका हाताने विचारलं, आता मूठभर टाकायची का? मी हो म्हटलं. मग तो पुढे गेला. कबरीभोवती दोनशे माणसं होती, त्याची आई होती, वडील होते, आणि त्याला माती टाकायची वेळ झाली हे आफ्रिकेतून कळलं.

मी हे तुम्हाला बोल लावायला लिहीत नाही. मीच कोण? लहानपणी दुकानात, शाळेत, देवळात त्याच्या वतीने मीच बोलायचे आणि सगळे माझं कौतुक करायचे. त्याला काय म्हणायचंय ते मी कधी विचारलं नाही. शाळेत खुणा केल्या की हातावर पट्टी बसायची, तोंडाने बोल म्हणून. ते तेव्हाच्या गुरुजींच्याही डोक्यातलं नव्हतं. 1880 मध्ये इटलीत मिलान शहरात शिक्षकांची परिषद भरली, तिने ठरवलं की बहिऱ्यांना बोलूनच शिकवायचं, खुणा नकोत. तो ठराव चुकीचा होता हे जाहीर व्हायला 2010 उजाडलं. मधल्या 130 वर्षांत जगभर मुलांचे हात बांधले गेले, त्यात आपला शमूही आला. भाषा त्याला मिळाली ती बाविसाव्या वर्षी, मित्रांकडून, चहाच्या टपरीवर. आणि मी ती शिकून दुसऱ्यांच्या मुलांकडे आले.

म्हणून आता त्याच्या लग्नाचं. मामीने आणलेलं बार्शीकडचं स्थळ चांगलं असेल. मुलगी गरिबाघरची आहे, तिला ऐकू येतं, घर सांभाळेल, हे सगळं तू लिहिलंस. शमूला फक्त फोटो दाखवला. त्याने मला सांगितलंय, आणि तुम्हाला सांगायला मला सांगितलंय, की त्याच्या मनात एक मुलगी आहे. लातूरची, ख्रिस्ती घरातली, शिवणकाम करते. तिलाही ऐकू येत नाही. दीड वर्ष झालं. लगेच नाही म्हणू नका. मुलं कशी होतील, हाच प्रश्न पहिला येणार. शमूचे कान अडीचाव्या वर्षी मेंदूज्वराने गेले, तिचे जन्मल्याबरोबर झालेल्या काविळीने. हे पुढच्या पिढीत उतरत नाही. अडामोरोबेची गोष्ट वेगळी, तिथे रक्तातून येतं. आणि तिथेही 1975 मध्ये गावच्या प्रमुखाने बहिऱ्यांनी बहिऱ्यांशी लग्न करायचं नाही असा नियम केला, त्याचं दुःख मी त्या आजीबाईंच्या तोंडावर बघितलंय. आणि देवाने तसं मूल दिलंच, तर त्या घरात त्याच्याशी बोलणारी दोन माणसं पहिल्या दिवसापासून असतील. शमूला तेवढं मिळालं नाही. पप्पा, तुम्ही त्याला समोर बसवून विचारा. दुभाषी लागला तर मी फोनवर आहे, रात्री कितीही वाजता.

पैशाचं. या महिन्यात पाच हजार कमी पाठवलेत. एका मुलीची परीक्षेची फी भरायची राहिली होती, तिचं वर्ष गेलं असतं. पुढच्या महिन्यात भरून काढते. पप्पांच्या डोळ्याच्या ऑपरेशनचे वेगळे ठेवलेत, त्यांना मागाच्या दुरुस्तीसाठी हात लावायचा नाही. मोतीबिंदू पिकायची वाट बघायची नसते, आताच करून घ्या. माझ्या लग्नाचं मामीला सांगा की मी चिडलेली नाही. मुलाकडच्यांना आधी विचारा की मी हे काम सोडणार नाही हे चालेल का. चालत असेल तर बोलू.

आणि ईस्टरला येते म्हणाले होते ते जमत नाही. दुसरी शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर आहे, मुलांना सोडून येता येत नाही. आजीच्या कबरीवर दगड मी आल्यावर बसवा म्हटलं होतं, पण माझ्यासाठी थांबू नका. शमूचं मेमध्ये ठरलं तर काहीही करून येईन, तिकिटाचे पैसे बाजूला आहेत.

सोबतच्या कागदावर दहा खुणा काढून पाठवल्यात, आपल्याकडच्या, इथल्या नाहीत. दोन्ही वेगळ्या आहेत, आपल्याकडे इंग्रजी अक्षरं दोन हातांनी करतात, इथे एका हाताने. भारतीय सांकेतिक भाषेचा सरकारी शब्दकोश फोनवर फुकट बघता येतो, त्यात दहा हजारांहून जास्त शब्द आहेत, शमूला उघडून द्यायला सांगा. आई, रात्री जेवायला बसताना रोज एक. तिसरी खूण 'जेवलास का' आहे, ती माझ्याकडून नीट काढता आली नाही. शमूला दाखव, तो तुझा हात धरून करून दाखवेल.

तुमची,
रूथ

ता. क. चादर पाठवू नका, इथे लागत नाही. शेंगाचटणी चालेल.