फॉरमॅट मारू नकोस, थांब

सांगली
रविवार, रात्री

प्रिय सुध्या,

फोनवर तू नुसता "गेलं रे सगळं" एवढंच म्हणत होतास, म्हणून लिहायलाच बसलो. लॅपटॉप सुरू होत नाही इतकंच, काही गेलेलं नाही. दुकानदार फॉरमॅट मारू म्हणतोय ना, त्याच्या हातात लॅपटॉप देऊ नकोस. काकूंच्या साठीचे फोटो त्यातच आहेत आणि बॅकअप तू घेतलेला नसणार, ओळखतो मी तुला.

जागा हवी म्हणून तू विंडोज ७ मधूनच लिनक्सचं, म्हणजे दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचं, पार्टिशन उडवलंस, डिस्कचा तो भागच. पण मशीन चालू झालं की बायोस, म्हणजे मशीन जागं करणारा प्रोग्राम, आधी डिस्कच्या पहिल्या सेक्टरकडे, म्हणजे पहिल्या तुकड्याकडे जातो, आणि तिथे अजून ग्रब बसलाय, लिनक्सबरोबर आलेला, सिस्टिम उठवणारा प्रोग्राम. त्याचं बाकीचं बिऱ्हाड तू उडवलेल्या पार्टिशनमध्ये होतं. म्हणून तो 'नो सच पार्टिशन' म्हणत 'ग्रब रेस्क्यू'वर अडलाय. विंडोज आत धडधाकट आहे, त्याला उठवणारं कोणी नाही इतकंच.

विंडोजची सीडी नसली तर नसू दे. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालू कर, म्हणजे लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालेल; इन्स्टॉलला हात लावू नकोस. टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) आधी 'एफडिस्क' या कमांडने डिस्कची यादी काढ आणि आकारावरून आपली डिस्क कोणती ते ओळख. पेनड्राइव्हही त्याच यादीत असतो. पार्टिशनच्या तक्त्याचा प्रकार 'डॉस' दिसला तर पुढे जा. 'जीपीटी', म्हणजे दुसऱ्या पद्धतीचा तक्ता, दिसला तर तिथेच थांब, मला फोन कर.

आता नीट वाच. डिस्कचा तो पहिला सेक्टर ५१२ बाइटचा. पहिले ४४० बाइट म्हणजे बूटचा, मशीन सुरू करण्याचा कोड. लगेच ४ बाइट डिस्कची सही, विंडोज डिस्क ओळखतं ते हिच्यावरून. मधले २ बाइट सोडले की ४४६ पासून ६४ बाइटांत पार्टिशनचा तक्ता, अगदी शेवटी '५५ एए'. आपल्याला बदलायचेत फक्त पहिले ४४०. मी एकदा शहाणपणा करून दुसऱ्या मशीनचा अख्खा ५१२ चा सेक्टर आणून चिकटवला होता. तक्ताही त्या मशीनचा आला, आणि माझी डिस्क क्षणात अनोळखी झाली. रात्री दोन वाजता टेस्टडिस्क नावाच्या प्रोग्रामने पार्टिशनं हुडकून दिली तेव्हा कुठे घास गिळला.

तेव्हा आधी 'डीडी'ने, म्हणजे बाइट जसेच्या तसे उतरवणाऱ्या कमांडने, जुना सेक्टर पूर्ण ५१२ बाइट फाइलमध्ये काढून घे, आणि ती दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेव. लाइव्हच्या डेस्कटॉपवर ठेवलीस तर रीस्टार्ट केल्यावर ती गायब. मग 'सिसलिनक्स-कॉमन' पॅकेज टाक. त्यात 'एमबीआर डॉट बिन' ही नव्या बूट कोडची फाइल मिळेल, बरोब्बर ४४० बाइटची. ती डीडीने डिस्कवर लिही: ब्लॉक ४४०, काउंट १. डिस्कवर म्हणजे यादीत आपली डिस्क 'एसडीए' असेल तर 'एसडीए'वर, 'एसडीए१' या तिच्या पहिल्या पार्टिशनवर नव्हे. तो १ चुकून टाइप झाला तर पार्टिशनचाच बूट सेक्टर जाईल.

हा नवा कोड तक्त्यात 'ॲक्टिव्ह' खूण, म्हणजे 'इथून सुरू कर' अशी खूण, शोधतो आणि त्या पार्टिशनला हाक मारतो. ग्रबला त्या खुणेशी देणंघेणं नसतं, त्यामुळे ती कुठे भलतीकडे असू शकते. एफडिस्कच्या यादीत तारा दिसतो, ती खूण. विंडोज ७ ने सुरुवातीला १०० एमबीचं एक छोटं पार्टिशन केलेलं असेल, तर तारा त्याच्यावर हवा, सी ड्राइव्हवर नाही. विंडोज उठवणारा बूट मॅनेजर त्या छोट्यातच राहतो. सी वर खूण केलीस तर 'बूटएमजीआर इज मिसिंग' बघत बसशील. तारा आधीच योग्य जागी असेल तर हात लावू नकोस; नसेल तर एफडिस्कमध्ये 'ए' दाब, पार्टिशनचा नंबर दे, भलतीकडचा तारा तसाच 'ए'ने काढ, मग जपून ठेवायला 'डब्ल्यू'.

पेनड्राइव्ह काढूनच रीस्टार्ट कर. विंडोजचा लोगो आला की मिस्ड कॉल दे, कितीही वाजले असले तरी. आणि फोटो आधी दुसरीकडे उतरव, मग काकूंना सांग.

तुझा,
बाळ्या