जाहिराती काढा, पण मूळ रेकॉर्डिंग पुसू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आमचे नाना 81 वर्षांचे आहेत. दूरदर्शनच्या 'फ्री डिश' सेवेच्या बॉक्सला पेन ड्राइव्ह लावून त्यांनी पाच-सहा वर्षं गाण्याचे कार्यक्रम साठवले. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी दिवेलागण झाली की ते त्यातला एक लावून बसतात. विलंबित ख्याल रंगात येतो आणि मध्येच साबणाची जाहिरात! तासाला 12 मिनिटांपर्यंत जाहिराती 1994 च्या केबल नियमांतच बसतात, तेव्हा तक्रार तरी कुणाकडे करायची? म्हणून मागच्या दिवाळीत मी 34 रेकॉर्डिंग जाहिराती काढायला एका दुकानात दिली.

परत आल्यावर नानांनी पहिलंच लावलं आणि पाच मिनिटांत विचारलं, "तबलजीची बोटं कुठे गेली?" खरंच, द्रुत लयीत बोटांच्या जागी नुसता धुरकट पट्टा दिसत होता. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा घुमता झंकार, पत्र्यासारखी वाजत होती. दुकानात सगळं नव्याने 'कन्व्हर्ट' करून आकार चौथाईवर आणला होता आणि मूळ फायली पुसून त्याच पेन ड्राइव्हवर नव्या भरल्या होत्या. मी हबकून गेले.

याची गरजच नव्हती, हे पुढे भाच्याने दाखवलं. आपल्याकडे टीव्हीवर सेकंदाला 25 चित्रं येतात, पण पूर्ण चित्र अधूनमधूनच असतं, बरेचदा डझनभर चित्रांमागे एक. मधल्यांत फक्त आधी-नंतरच्या चित्रांपासूनचा फरक साठवलेला असतो. जाहिरात संपून कार्यक्रम पुन्हा सुरू होतो तिथलं पूर्ण चित्र पकडून कापलं, की बाकीचं जसंच्या तसं उतरवून घेता येतं. फार तर अर्धा सेकंद इकडेतिकडे होतो. एव्हिडेमक्स या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये व्हिडिओ आणि ऑडिओ, दोन्हींना 'कॉपी' ठेवायचं. वर-खालचे बाण दाबले की एका पूर्ण चित्रावरून थेट पुढच्या किंवा मागच्या पूर्ण चित्रावर जाता येतं. दुसरं काही निवडलंत तर सगळं चित्र पुन्हा 'कॉम्प्रेस' होतं, आणि एकदा गेलेला बारकावा कुठल्याही यंत्राने परत येत नाही. 'कॉपी'ने तासाभराचा कार्यक्रम आमच्या जुन्या कॉम्प्युटरवरही दोन-तीन मिनिटांत तयार होतो.

नानांच्या कपाटात एका जुन्या पेन ड्राइव्हवर सहा मूळ रेकॉर्डिंग सापडली. ती मी स्वतः कापली. परवा त्यातला भीमपलास लावला, तेव्हा तिहाई येताच नानांनी मांडीवर ताल धरला आणि पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे बघ, अनामिका कशी टेकवलीय."

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत अशी रेकॉर्डिंग पुष्कळ असतील. काम दुकानात द्या, पण पेन ड्राइव्ह हातात देण्याआधी मूळ फायलींची एक प्रत घरी ठेवा आणि 'कन्व्हर्ट नको, नुसतं कापा' असं स्पष्ट सांगा. ओळखीपाळखीच्यांपैकी ज्यांना स्वतः शिकायचं असेल, त्यांनी शनिवारी माझा गायनवर्ग सुटल्यावर पेन ड्राइव्ह घेऊन यावं. शेजारी बसून शिकवीन, पैसे घेणार नाही.

आपली,
एक संगीतशिक्षिका
लष्कर, ग्वाल्हेर